पोटात काय घातलं

साहेब, तुम्ही सत्यशीलाचं पोट वापरलं, आणि त्या पोटात काय घातलं ते तिला सांगितलं नाही. ही विनंती नाही, आरोप आहे. नाव घेत नाही, कारण तुमचं नाव तिला कुणी सांगितलंच नाही. डॉक्टर म्हणायचे, "वरून आलंय." रूपाली मॅडम म्हणायच्या, "वर विचारावं लागेल." ते 'वर' कुठल्या गावात आहे, तिथं कोणती गाडी जाते, हे वडीगोद्रीच्या स्टँडवर कुणालाच ठाऊक नाही.

तर ऐका. मधे घड्याळ बघू नका.

सत्यशीला धनगराची सून. नवरा परमेश्वर, त्याची मेंढरं, सासू आसराबाई आणि पोरगी छकुली, एवढं घर. जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीपासून आत, माळाच्या कडेला. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं ऊस तुटायला लागला की परमेश्वर मेंढरं घेऊन तिकडं जायचा. मेंढरांना उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं, रानाला लेंडीखत. सत्यशीला त्याच्या मागं चालायची. दोन काखेत दोन कोकरं धरून ओढा ओलांडणारी बाई होती ती. चालताना परमेश्वरच मागं पडायचा आणि वर म्हणायचा, "हळू चाल की गं, मेंढरं तुला लांडगा समजून राह्यलीत."

मग पोट सुरू झालं.

बेंबीच्या खाली उजवीकडं, ओलं धोतर पिळावं तसा पीळ पडायचा. पीळ सुटला की पळायचं. हातातला तांब्या खाली ठेवायला सवड नसायची. ताप यायचा, जायचा. अंगावरचं मांस कुठं गेलं कळलं नाही, लुगडं तेवढं अंगावर राहिलं. कुठंही गेली तरी ती आधी आडोसा बघायची, मग माणसं. लग्नात मांडवाच्या कडेला बसायची, बाभळीच्या बाजूला. बायका म्हणायच्या, "सत्यशीला लई माजली बाई, आपल्यात येऊन बसत न्हाई." कुणाला सांगणार? एसटीत बसायचं तर आदल्या दिवसापासून उपाशी राहायचं, कारण कंडक्टर बाईमाणसासाठी बेल मारत नाही. मारलीच, तर अख्खी गाडी खिडकीतून बघते.

एका दवाखान्यात सांगितलं, आतड्याचा टीबी. गोळ्या चालू. लघवी केशरी झाली, तोंडाची चव गेली, गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, पीळ तिथंच.

"टीबी गेला," डॉक्टर म्हणाले.

"मंग हे काय राह्यलं?"

"हे दुसरं असेल."

दुसरं म्हणजे काय, हे कळायला संभाजीनगर गाठावं लागलं. तिथं नळी घालून आत बघितलं, तुकडा काढून तपासला. तिथल्या डॉक्टरांनी, म्हणजे पोटाच्या मोठ्या डॉक्टरांनी, कागदावर आतड्याचं चित्र काढलं. आजाराचं नाव क्रोन्स. अंगात रोगाशी लढणारं जे सैन्य असतं, तेच आपल्या आतड्यावर उलटतं. आतडं सुजतं, त्याला जखमा होतात, जागोजाग ते अरुंद होतं.

आसराबाई पदर सावरून पुढं झाली. "म्हंजी राखणीचं कुत्रंच मेंढरू फाडाय लागलं म्हणा."

डॉक्टरांनी मान डोलावली. "बरोबर, आजी. तसंच."

"मंग कुत्र्याला बांधा की."

बांधायच्या गोळ्या होत्या. त्यांनी सत्यशीलाचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, पीळ थोडा कमी झाला, आणि गोळ्या कमी केल्या की पीळ पुन्हा हजर. असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, एक नवीन औषध आहे. अजून बाजारात नाही. अभ्यास चालू आहे. तपासण्या, इंजेक्शन, सगळं औषधाच्या कंपनीकडून, फुकट. पण आधी नीट ऐका.

"निम्म्या पेशंटना औषध मिळतं, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही. या रूपाली मॅडमनाही नाही."

परमेश्वरानं रूपाली मॅडमकडं बघितलं. सगळी विचारपूस, सगळं लिहिणं त्यांच्याकडं. त्यांनीही मान हलवली.

"मंग कोणाला माहीत हाय?" परमेश्वरानं विचारलं.

"कंपनीकडं नोंद असते."

"हा तर जुगार झाला, डॉक्टर."

"जुगारच म्हणा," सत्यशीला म्हणाली. "इतके दिस खऱ्या गोळ्या खाल्ल्या, त्यांनी काय मोती पिकले? पाणी तर पाणी." आणि तिनं सही केली. सही तिला येते. सातवीपर्यंत शिकलीय, अंगठ्याची शाई पुढं करणाऱ्याला तिनं तिथंच झापलं.

एक नियम मात्र पक्का होता. इंजेक्शन चालू असेपर्यंत दुसरं काही घ्यायचं नाही. दर खेपेला रूपाली मॅडम विचारायच्या, "दुसरं औषध? काढा, चूर्ण, जडीबुटी, कुण्या वैदूचं काही?"

"न्हाई."

हे 'न्हाई' खरं होतं. साहेब, इथं लक्ष द्या. ते बिलकुल खरं होतं.

पहिल्या इंजेक्शनला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यानंतर एके दिवशी दुपारी सत्यशीलाच्या ध्यानात आलं की सकाळपासून तांब्याला हात लागलेला नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि वाट बघत राहिली. पीळ येईल, आता येईल. आला नाही. मग रोज थोडी थोडी माणसात आली. ज्वारीची भाकरी पचली. मिरची पचली. पुतणीच्या लग्नात ती मांडवाच्या मधोमध जाऊन बसली, चारी बाजूंनी बायका, बाहेर पडायला वाट नाही अशी. तिथं बसून ती इतकी हसत होती की नवरीच्या आईला वाटलं हिला बाहेरचं काही लागलं. छकुली पोटावर उडी मारायची आणि सत्यशीला ओरडायची नाही.

आता भंडाऱ्याचं.

पहिलं इंजेक्शन झालं त्याच आठवड्यात आसराबाई बिरोबाच्या ठाण्यावर गेल्ती. नवस बोलली, भंडारा घेऊन आली. रोज सकाळ-संध्याकाळ चमचाभर भंडारा ताकात कालवून ती सुनेला द्यायची. सून कपाळाला लावून प्यायची. भंडारा म्हणजे हळद, हे धनगराच्या पोराला कळतं; पण हळद म्हणजे भंडारा नव्हे. हळद डब्यात असते, भंडारा देव्हाऱ्यात. हळद बाईनं पायरीवर सांडली तर सासू शिव्या घालते, भंडारा सांडला तर सासू पाया पडते. त्याला औषध म्हणणं म्हणजे बिरोबाला कंपाउंडर म्हणणं. म्हणून रूपाली मॅडमनी "दुसरं काही?" विचारलं तेव्हा सत्यशीलाच्या मनात भंडारा आलाच नाही. तुमच्या मनात रामरक्षा आली असती का?

पुढच्या तपासणीच्या खेपेला परमेश्वराला जाता आलं नाही. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. आसराबाई सुनेबरोबर निघाली, नवं लुगडं नेसून. रिपोर्ट चांगला आला होता. सूज उतरली होती, रक्त वाढलं होतं. डॉक्टर खुशीत होते, म्हणाले, "आजी, सून तुमची ठणठणीत होतेय."

"व्हणारच," आसराबाई म्हणाली. "सुई तुमची, पण गुण आमच्या बिरोबाचा." तिनं कनवटीची पिशवी सोडली, चिमूट भरून डॉक्टरांच्या कपाळाला भंडारा लावला. डॉक्टरांनी हात जोडले. इथवर सगळं गोड होतं.

"रोज ताकात देते मी तिला. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. एक दिस खाडा न्हाई."

रूपाली मॅडमचं पेन थांबलं.

"कधीपासून, आजी?" डॉक्टरांनी विचारलं. कपाळ पिवळं, आणि त्याखाली चेहरा उतरत गेला.

"पहिल्या सुईपासून. मी काय अर्धवट काम करते व्हय?"

डॉक्टर उठून बाहेर गेले. फोनवर बोलले. साहेब, तुमच्याशीच बोलले असतील. परत आले तेव्हा कपाळ पुसलेलं होतं. हळदीवरही या आजारात तपासण्या चालू आहेत, ते म्हणाले. हळद नियमाने बंद असलेल्या गोष्टींत येते. रोज इतकी पोटात गेली, तर गुण कशाचा ते सांगता येणार नाही, सगळ्या अभ्यासाचा निकाल बिघडेल. म्हणून वरून सांगितलंय, हिला बाहेर काढा. इंजेक्शन आजपासून बंद.

"म्हंजी?" सत्यशीला म्हणाली. "बरी झाले म्हणून बंद?"

"तसं नाही, ताई. नियम..."

"बेल-भंडारा उचलून शपथेवर सांगते, डॉक्टर. औषध म्हणून न्हाई खाल्ला मी तो."

रूपाली मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, भंडारा नका उचलू आता. तोच तर नडलाय."

तुमच्या नियमात काढा होता, चूर्ण होतं, जडीबुटी होती. ज्यानं नियम लिहिला तो कधी धनगराच्या घरी ताक प्यायलाय का? जालन्यातल्या बाईचं पोट चालतं तुम्हाला, तिचं घर चालत नाही. पोट तेवढं कापून घ्यायचं, सासू, देव, ताक बाहेर ठेवायचं. आणि मग फायलीत लिहायचं, पेशंटने नियम मोडला.

घरी परमेश्वर आईवर भडकला. "तुला कोणी सांगितल्तं तिथं पुराण लावायला?"

"मी काय चोरून केलं? देव का लपवून खायची चीज हाय?"

"गप बसायला काय झाल्तं!"

"तुझ्या बापापुढंबी मी कधी गप बसले न्हाई, डॉक्टर कोण लागून गेला!" आसराबाई तणतणत गेली, पण त्या दिवशी भाकरीला शिवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं ताकात दोन चमचे घालायला सुरुवात केली. सुई गेली तर गेली. बिरोबा कुठं गेलाय?

सत्यशीला दोन चमचे प्यायची. कडू लागायचं, प्यायची. तिला वाटायचं, खरंच हेच असलं तर? सुईत पाणीच असलं, आणि गुण याचाच असला, तर बाकी सगळं गेलं खड्ड्यात. दिवसातून दहादा ती पोट दाबून बघायची. मेंढरांमागं चालता चालता थांबायची. काही नसलं तरी थांबायची. परमेश्वर म्हणायचा, "काय?" ती म्हणायची, "काय न्हाई." आणि पुन्हा थांबायची. स्वयंपाक अर्धा सोडून ती परसात जाऊन उभी राहायची, उगाच, बघायला. आजार नसतानाही आजाराची पहारेकरी झाली होती बाई.

मग पीळ आला. आधी बारीक, चोरासारखा. नंतर जुन्या मालकासारखा, हक्कानं.

तांब्या हातात आला. भाकरी सुटली. मांडवाची कडही सुटली, आता लग्नालाच जाणं नको. आसराबाई बघत होती. चमचे तीन झाले, चार झाले. एका सकाळी तिनं ताकाचा गडू सुनेपुढं ठेवला आणि परत उचलून घेतला.

"नको पिऊ."

"का, आत्याबाई?"

"सुई बंद झाली. भंडारा चालूच हाय. तरी दुखणं आलं." ती भिंतीकडं बघून बोलत होती. "मंग गुण कोणाचा व्हता, हे मेंढरालाबी कळंल. बिरोबाचा राग यायचा तर येऊ दे माझ्यावर. त्यानं मला खोटं बोलाय न्हाई शिकवलं."

साठ वर्षांची बाई, आयुष्यभर त्या ठाण्यावर नाक घासलेली. तिनं एका गडूपुढं हे कबूल केलं. तुमच्यातल्या एकानं तरी कधी असं काही कबूल केलंय का, साहेब?

परमेश्वरानं तिला जालन्याच्या सर्जनकडं नेलं; त्यानं पोटाचा नवा फोटो बघितला. आतडं एका जागी अरुंद झालं होतं. त्यानं सरळ सांगितलं. "ताई, अभ्यासात तुम्हाला खरं औषध मिळत होतं का पाणी, हे मला कळायला हवं. औषध असेल आणि त्यानं तुम्ही सुधारला असाल, तर त्याच्यासारखं दुसरं औषध बाजारात आहे, ते मिळवायची खटपट करू, चाकू थांबवू. पाणी असेल, तर ते सुधारणं आपोआपचं होतं. मग वाट बघण्यात अर्थ नाही, तेवढा तुकडा काढावा लागेल. सोमवारची तारीख धरून ठेवतो. तोवर विचारून या."

"एवढंच विचारायचं?"

"एवढंच. एका शब्दाचं उत्तर आहे."

शनिवारी सासू-सून संभाजीनगरला गेल्या. एसटीत सत्यशीला दाराजवळच्या सीटवर बसली, उपाशी. रस्त्यात दोनदा उतरावं लागलं. कंडक्टर कुरकुरला तेव्हा आसराबाईनं त्याला त्याच्या आईची आठवण करून दिली, आणि पुढं गाडी गुमान थांबत गेली.

"अभ्यास पूर्ण होईपर्यंत कळत नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. "कुणाला औषध, कुणाला पाणी, ती सगळ्यांची नोंद एकदम उघडते."

"कधी?"

"दीड-दोन वर्षं लागतील."

"तवर आतडं कुठं ठिवू? तुमच्या फ्रीजमधी?"

रूपाली मॅडमनी तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, "आम्ही समजू शकतो..."

"समजून नका घेऊ. सांगा. सुई बंद झाली अन् दुखणं आलं. मंग औषधच व्हतं ना?"

"तसं नाही सांगता येत. हा आजार आपोआपही कमी-जास्त होतो."

आसराबाई इतका वेळ दाराशी बसली होती. ती उठली. कनवटीची पिशवी सोडली आणि टेबलावर, त्यांच्या कागदांवर, ओतली. पिवळा ढीग झाला. "उचला," ती म्हणाली. "उचला भंडारा, अन् म्हणा, मला माहीत न्हाई."

भंडारा उचलणं म्हणजे शपथ. खोटी घेतली तर घराचं वाटोळं. डॉक्टर धनगरी मुलखातले, आष्टीकडचे होते, त्यांना हे शिकवावं लागलं नाही. मग त्यांनी चिमूट उचलली.

"मला माहीत नाही, आजी. खरंच नाही. मी शपथेवर सांगतो."

आसराबाई खुर्चीत बसली. "खरं बोलून राह्यला लेकरू," ती सुनेला म्हणाली. "याला न्हाई माहीत."

भांडायला आलेल्या माणसापुढचा माणूसच निघून जावा, तसं झालं. पण सत्यशीला बसली नाही. बसलं की पीळ वाढतो.

"तुम्हाला न्हाई माहीत," ती म्हणाली. "मंग ज्याला माहीत हाय त्याला फोन लावा."

"ताई, तसं करता येत नाही."

"कधीच न्हाई?"

रूपाली मॅडम त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "सर, जीवावर बेतलं तर एकाच पेशंटची नोंद उघडता येते. मागावं लागतं."

"तुम्ही मागितलं का?" सत्यशीलानं विचारलं.

"तेवढी तातडी..." डॉक्टर म्हणाले.

"सोमवारी माझं पोट फाडणार हायत. आणखी किती बेतायचं? मेल्यावर मागणार व्हते?"

डॉक्टरांनी फोन उचलला. एक माणूस, दुसरा माणूस, मग तिसरा. इंग्रजीत बरंच झालं. सत्यशीलाला इंग्रजी येत नाही, पण टोलवाटोलवी कुठल्याही भाषेत ओळखू येते. ती टेबलाजवळ गेली. "आवाज मोठा करा. मी बोलते."

डॉक्टरांनी स्पीकर लावला. कदाचित तेही दमले होते.

"मॅडम," तिकडून आवाज आला. मऊ, शहरी मराठी. तुमचाच आवाज, साहेब. त्या दिवशी पहिल्यांदा तो वरून खाली आला. "आम्ही पेशंटशी थेट बोलत नाही. नियम आहे."

"मी पेशंट न्हाई. तुम्हीच काढलं मला."



"हो, पण अभ्यास अजून चालू आहे, त्यामुळे..."

"अभ्यासात मी न्हाई. मी तुमची कोणीच न्हाई. मंग तुमचा अभ्यास माझ्या आतड्याला आडवा का येतो?"

"तुमची विनंती आम्ही पुढं पाठवू. कमिटी..."

"आणखी वर कोण हाय?"

आणि तेव्हाच पीळ आला. बेंबीखाली, उजवीकडं, जुना हक्काचा. तिनं टेबलाची कड धरली. हात भंडाऱ्यात रुतला. संडास वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता, हे ती आल्या आल्या बघून ठेवून होती. आसराबाई म्हणाली, "जा आधी, मी बसते इथं."

"न्हाई." तिच्या कपाळावर घाम होता. "मी गेले की ते ठिवतील."

ती फोनवर वाकली.

"साहेब, ऐका. मला उभं राहवत न्हाई. मला पळायचंय, पण मी पळत न्हाई, कारण तुम्ही लाइनीवर हायत. वाटलं तर तुमच्या कमिटीला सांगा, एक बाई इथं लुगडं खराब करायला तयार हाय, पण उत्तर घेतल्याबिगर हलत न्हाई. सोमवारी चाकू हाय. माझी नोंद तुमच्यासमोर उघडी नसंल तर उघडा, मी थांबते. औषध व्हतं का पाणी? एकच शब्द. बोला."